नग १, शेरा निरंक

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली १३,२५० नाणी तपासली आणि १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा वृत्तांत छापला. नाणी क्षहरात राजा नहपानाची; त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवलेला. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला हे नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो, पण या नाण्यांइतका बोलका पुरावा दुसरा नाही. जिंकलेल्याचा खजिनाच जिंकणाऱ्याने चलनात आणलेला.

आज हा साठा एका जागी नाही. काही नाणी मुंबईत, काही परदेशात, काही हौशी संग्राहकांच्या डब्यांत गेली. एखाद्या जिल्ह्याच्या संग्रहालयातल्या ट्रेमध्ये नहपानाचं नाणं दिसलं, तरी ते जोगळटेंभीचं की आणखी कुठलं, हे नाणं स्वतः सांगत नाही. पाकिटावर किंवा वहीत कुणी लिहून ठेवलं असेल तरच कळतं. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदींचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. आपल्याकडे वस्तूंचा तुटवडा कधीच नव्हता. कोणती वस्तू कुठून आली आणि आत्ता कोणत्या कपाटात आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र फार थोड्या ठिकाणी मिळतात.

वस्तू संग्रहालयात येते ती ठरावीक वाटांनी. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर कलेक्टरला देणं बंधनकारक झालं. मग तज्ज्ञाकडून तपासणी, निवडक नाण्यांची निरनिराळ्या संग्रहालयांना वाटणी, उरलेल्यांची विक्री. एकाच हंड्यातली नाणी पाच गावी गेली ती अशी, अगदी कायदेशीर मार्गाने. दुसरी वाट संस्थानिकांच्या संग्रहाची. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं भवानी संग्रहालय हे तिचं देखणं उदाहरण. रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर यांचं शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरावर पाहायला मिळतं ते त्यामुळे. तिसरी वाट उत्खननाची, चौथी एकट्यादुकट्या झपाटलेल्या माणसाची. पुण्याचे दिनकर केळकर या शेवटच्या जातीचे. १९२० च्या सुमारास सुरू झालेला त्यांचा संग्रह १९७५ मध्ये शासनाकडे गेला तेव्हा त्यात वीस हजारांच्या घरात वस्तू होत्या. मांडलेल्या आहेत त्या अडीच हजारांच्या आसपास.

वाट कोणतीही असो, दारातून आत आल्यावर वस्तूचं पुढचं आयुष्य एका वहीवर अवलंबून असतं. तिला दाखल नोंदवही म्हणतात. रकाने साधे: क्रमांक, तारीख, वर्णन, माप, वजन, स्थिती, कुणाकडून मिळाली, कुठे सापडली, कुठे ठेवली, शेरा. जुन्या वह्या उघडल्या की ‘दगडी मूर्ती, भग्न, नग १, शेरा निरंक’ अशा ओळी पानोपानी भेटतात. आवारात पिंपळाखाली भग्न मूर्ती डझनभर असतील, तर ही ओळ त्यांतल्या कुणाचीही असू शकते आणि म्हणून कुणाचीच नसते. तिच्याऐवजी ‘विष्णू, काळा पाषाण, उंची ६४ सेंमी, उजवा मागचा हात कोपरापासून तुटलेला, पादपीठावर डाव्या कोपऱ्याला जुना टवका, गावाच्या पश्चिमेला ओढ्याकाठी सापडली’ एवढं लिहिलं असतं, तर लिहिणाऱ्याची पाच मिनिटं जास्त गेली असती आणि पुढच्या शंभर वर्षांत तिची अदलाबदल करणं कुणाला जमलं नसतं. तुटलेली जागा नेमकी लिहिणं फार महत्त्वाचं. अखंड मूर्ती एकसारख्या दिसू शकतात, मोडलेल्या दिसत नाहीत.

नगरपालिकांच्या संग्रहालयांत याहून गमतीचा प्रकार सापडतो. स्वतंत्र दाखल नोंदवहीच नसते. मूर्ती, तोफगोळे, शिलालेख हे सगळं कार्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉकला, खुर्च्या आणि पाण्याच्या पिंपाशेजारी चढवलेलं. हिशेब तपासणाऱ्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही. नग जुळले की झालं. वीरगळावर कोणता प्रसंग कोरलाय हे विचारणं त्याचं काम नव्हे.

वहीतला क्रमांक वस्तूवर उतरवणं ही दुसरी पायरी. पूर्वी लाल किंवा पांढऱ्या ऑइलपेंटने मूर्तीच्या पोटऱ्यांवर ठसठशीत आकडे घालत. आजची रीत नाजूक आहे. न दिसणारी जागा निवडायची, तिथे पॅरालॉईड बी-७२ या राळेचा पातळ थर द्यायचा, सुकल्यावर बारीक टाकाने क्रमांक लिहायचा, वर पुन्हा थर. पुढे कधी काढावा लागला तर अॅसिटोनने निघतो, दगडाला धक्का लागत नाही. शेल्याला सुती पट्टी टाक्यांनी जोडायची, डिंक नाही, टाचणी तर अजिबात नाही. नाण्यावर काहीच लिहायचं नाही. त्याचं पाकीट हेच त्याचं ओळखपत्र. म्हणून नाण्यांच्या ट्रेपाशी काम करताना एका वेळी एकच पाकीट उघडावं, असा शहाण्या अभिरक्षकांचा दंडक असतो. दोन पाकिटांतली नाणी चुकून बदलली तर सापडल्याची दोन्ही ठिकाणं एकदमच खोटी होतात. ताम्रपटाचे तीन पत्रे आणि कडी यांना एकच मूळ क्रमांक देऊन पुढे १, २, ३, ४ जोडायचे, नाहीतर कडी कधीतरी ‘तांब्याची कडी, नग १’ म्हणून वेगळा संसार थाटते.

एकाच वस्तूला अनेक क्रमांक असणं हे दुखणं जुन्या संग्रहांत सर्रास आढळतं. संस्थानच्या काळचा एक, शासनाकडे आल्यावर दुसरा, प्रदर्शनासाठी तिसरा, छायाचित्राच्या निगेटिव्हला चौथा. प्रत्येक नवा अधिकारी उत्साहाने नवी मोजणी करतो आणि जुने आकडे पुसतो. खरं तर जुना क्रमांक कधीच पुसू नये. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या शोधनिबंधात तोच छापलेला असतो, आणि त्याच्याशिवाय त्या निबंधातली वस्तू आणि समोरची वस्तू एकच आहे हे सिद्ध करता येत नाही.

ठिकाणाच्या प्रश्नाकडे आपण त्याहून कमी लक्ष दिलं आहे. इक्रॉम या आंतरराष्ट्रीय संस्थेने लहान संग्रहालयांच्या भांडारांची फेरमांडणी करण्यासाठी री-ऑर्ग नावाची पद्धत बसवली. तिच्या कसोट्यांतल्या दोन मला फार आवडतात: कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढताना दोनाहून अधिक वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. हीच कसोटी आपल्या एखाद्या जिल्हा संग्रहालयाला लावून पाहा. पहिली तीन मिनिटं किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात जातील. त्यानंतर गोदरेजच्या कपाटापुढे टेकवलेल्या जुन्या फ्रेमा, त्यांच्यापुढे गेल्या प्रदर्शनाचे फ्लेक्स. यात पैशापेक्षा शिस्तीचा भाग मोठा आहे. खोली, कपाट, फळी, खण यांना सांकेतिक क्रमांक द्यायचे, ते वहीत चढवायचे आणि वस्तू उचलली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची: काय नेलं, कुणी, कधी, कशासाठी. गावच्या ग्रंथालयात पुस्तकांसाठी जे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे, तेवढंच.

इमारतीबाहेरही ठिकाणाचे घोळ कमी नाहीत. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह सातारा ऐतिहासिक संग्रहालय म्हणून नावारूपाला आला. त्यात नाना फडणविसांचं मेणवली दप्तर होतं, नकाशे होते, चित्रं होती. १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. पुढे साताऱ्यात शासनाचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय उभं राहिलं. त्यामुळे जुन्या लेखातल्या तळटीपेत ‘सातारा म्युझियम’ दिसलं की आधी लेखाचं साल पाहायचं आणि मग एसटी साताऱ्याची पकडायची की पुण्याची ते ठरवायचं. मुंबईत याहून मजेदार प्रकार आहे. भायखळ्याचं, १८७२ साली लोकांना खुलं झालेलं आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव धारण करणारं संग्रहालय आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणूनच ओळखलं जाई. लंडनच्या संग्रहालयाला हेच नाव मिळालं ते १८९९ मध्ये. अर्धवट तळटीप एखाद्या अभ्यासकाला नाहक विलायतेला पत्र पाठवायला लावू शकते.

सापडल्याच्या ठिकाणाचीही तीच तऱ्हा. तऱ्हाळा इथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या सुमारे सोळाशे पोटीन नाण्यांचा निधी मिळाला, तेव्हा गाव अकोला जिल्ह्यात होतं. १९९८ पासून ते वाशिमचं झालं. भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यातून १९८१ मध्ये जालन्यात गेलं. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादचा भाग होता, आणि आता उस्मानाबादचं नावही धाराशिव आहे. संगणकावर जिल्ह्याच्या नावाने शोधणाऱ्याला यांतल्या निम्म्या वस्तू भेटणारच नाहीत, जर नोंदीत जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं आणि गावाचे अक्षांश-रेखांश नसतील. हेन्री कझिन्सच्या १८९७ च्या पुरावशेषांच्या याद्या अजून हाताशी ठेवाव्या लागतात त्या यासाठीच.

तऱ्हाळ्याचं उदाहरण दुसऱ्याही कारणाने घेतलं. म. म. वासुदेव विष्णू मिराशी यांनी ती नाणी लगेच वाचली, राजावार वेगळी केली आणि प्रसिद्ध केली. पुराणांच्या वंशावळीत नसलेले कुंभ, कर्ण असे सातवाहन राजे त्यातून प्रकाशात आले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचंही तसंच. १९४४-४५ मध्ये प्रा. कुंदनगार यांच्या हाती लागलेल्या धातूच्या वस्तूंमध्ये समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती होती. पाठोपाठ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं, १९५२ मध्ये अहवाल आला, पुढे कार्ल खंडालावालांनी त्या धातूच्या वस्तूंवर स्वतंत्र लेख लिहिला. आज जगातला कुणीही रोम-भारत व्यापाराचा अभ्यासक टाऊन हॉल संग्रहालयातल्या त्या छोट्याशा मूर्तीचं नाव काढल्याशिवाय पुढे जात नाही. एकदा नीट छापली गेलेली वस्तू सहसा हरवत नाही. हरवली तर निदान ओरड करता येते.

तेरची गोष्ट मात्र मनाला लागते. ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनातलं तगर ते हेच. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून, पांढरीच्या टेकाडांवरून, पावसाळ्यानंतर उघड्या पडलेल्या वस्तू वेचून ठेवल्या: मृण्मूर्ती, केओलिनच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंताची एक अप्रतिम स्त्रीमूर्ती. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती, भोकरदनची मूर्ती आणि ही तेरची, यांच्यातलं साम्य पाहून संशोधकांची नजर मथुरेकडून दख्खनकडे वळली. संग्रह गावातच राहिला, शासनाने लामतुऱ्यांच्याच नावाने तिथे संग्रहालय केलं, हे उत्तम झालं. पण जमिनीवरून वेचलेल्या वस्तूला उत्खननाचा थर नसतो. ती कोणत्या टेकाडावरची, कोणत्या शेतातली, हे वेचणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर जातं. हजारो वस्तूंपुढे ‘तेर’ एवढंच लिहिता येतं. गावोगावचे असे संग्राहक आजही हयात आहेत. त्यांच्याकडच्या वस्तूंचे फोटो काढण्याआधी त्यांना शिवारात नेऊन जागा विचारून घेतल्या पाहिजेत. वस्तू थांबेल, माणूस थांबणार नाही.

केळकर संग्रहासारख्या घरगुती वस्तूंच्या बाबतीत प्रश्न पुन्हा वेगळा. अडकित्ते, वज्री, दिवे, दौती बाजारातून आणि वाड्यांतून आल्या. कोणत्या कासाराने घडवली, कुणाच्या घरात वापरात होती, ही माहिती जुन्या बाजारातला विक्रेता देत नाही. मग शैलीवरून अंदाज करावा लागतो, आणि अंदाज वहीत चढला की दहा वर्षांत त्याची वस्तुस्थिती होते. नोंदीत ‘दात्याने सांगितलं’, ‘अभिरक्षकाचा तर्क’ आणि ‘लेखावरून सिद्ध’ हे तीन वेगळे रकाने का नसावेत हे मला कळलेलं नाही.

याबाबतीत वाघनखांचं प्रकरण डोळे उघडणारं आहे. २०२४ मध्ये लंडनहून तीन वर्षांच्या करारावर साताऱ्यात आलेल्या वाघनखांवर आपल्याकडे भरपूर वाद झाला. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच्या नोंदीत सांगतं की वस्तू जेम्स ग्रँट डफच्या घराण्यातून आली, सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे, पण ती अफजलखानाच्या वेळचीच हे पडताळता आलेलं नाही. पेटीवरचा मजकूर खानाला मोगल सेनापती म्हणतो. तो आदिलशाही सरदार होता हे शाळकरी पोरही सांगेल. संग्रहालयाने चुकीचा मजकूर जसाच्या तसा जपला आणि स्वतःची शंका बाजूला नोंदवली. नोंद अशी ठेवायची असते. २०२५ मध्ये शासनाने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना घेतलेल्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीचं बरं झालं. तिच्या पात्यावरच देवनागरीत मालकाचं नाव आहे. लाखो रुपये मोजून एक तलवार परत आणणं मला गैर वाटत नाही. पण त्याच रकमेत किती तालुक्यांतल्या तलवारींचे फोटो, मापं आणि मुठींवरची अक्षरं नोंदवून झाली असती, हा हिशेबही कुणीतरी मांडायला हवा.

कायद्याचा आधार कितपत? १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांपलीकडची ठरावीक वर्गातली वस्तू खासगी मालकीत असेल तर ती फोटोसह नोंदवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शासन किंवा स्थानिक स्वराज्य संस्था चालवत असलेल्या संग्रहालयांना मात्र या नोंदणीतून सूट आहे. हेतू समजण्यासारखा: सरकारने सरकारकडेच नोंद कशाला करायची? परिणाम उलटा झाला. देव्हाऱ्यातल्या मूर्तीचा फोटो सरकारदरबारी आहे आणि जिल्हा संग्रहालयाच्या गोदामातल्या मूर्तीचा पुरावा म्हणजे फक्त ती वही. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियानाने देशात अंदाजे ५८ लाख पुरावस्तू धरल्या. २०२३ मध्ये संसदीय समितीपुढे आलेला नोंदलेल्यांचा आकडा १६.८ लाख होता. श्रीमंत देश यात फार पुढे आहेत असंही नाही. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या किंवा खराब झाल्याचं उघड झालं, आणि त्यांतल्या पुष्कळ वस्तूंची नीट नोंदच झालेली नव्हती. चोराला ते माहीत होतं.

संगणकाने सगळं सुटेल अशी आशा अधूनमधून पल्लवित होते. पुण्याच्या सी-डॅकने बनवलेली ‘जतन’ ही प्रणाली चांगली आहे आणि केंद्राची मोठी संग्रहालयं ती वापरतात. पण प्रणालीत भरायला वही लागते. वहीत ‘दगडी मूर्ती, नग १’ असेल तर पडद्यावरही तेच उमटतं, फक्त अक्षर सुवाच्य असतं. शिवाय एकाच वस्तूला एक जण लामणदिवा लिहितो, दुसरा टांगता दिवा, तिसरा इंग्रजीत काहीतरी. प्रमाण शब्दांची यादी मराठीत तयार झाल्याखेरीज शोधपेटी कुचकामी राहते.

माझं मत विचाराल तर विद्वत्तापूर्ण, रंगीत, जाडजूड सूचींचा आग्रह काही वर्षं बाजूला ठेवावा. आधी प्रत्येक वस्तूची पातळ नोंद: क्रमांक, एक फोटो मापपट्टीसह, माप, खूण, जागा, आणि कुठून आली यातलं जे माहीत असेल ते. काळ आणि शैली मागाहून कुणीही ठरवू शकतं. जागा आणि क्रमांक मागाहून ठरत नाहीत. आणि ही यादी लोकांना पाहता आली पाहिजे. चोरांना माहिती मिळेल ही भीती नेहमी पुढे केली जाते, पण फोटो जाहीर झालेली मूर्ती विकणं चोरालाच अवघड जातं. भांडारातली नेमकी जागा तेवढी झाकून ठेवावी.

मोजणीचं काय? आज ती होते अभिरक्षक बदलला की. कार्यभार देणारा निवृत्तीच्या घाईत, घेणाऱ्याकडे आधीच दोन संग्रहालयांचा अतिरिक्त कार्यभार. दोघं मिळून हजारो वस्तू चार दिवसांत ‘पाहून’ सही करतात. त्याऐवजी दरवर्षी संग्रहाचा दहावा हिस्सा मोजावा, बाहेरच्या एका अभ्यासकाच्या समोर, आणि न सापडलेल्या वस्तूंची यादी लपवण्याऐवजी लटकवावी. न सापडलेली वस्तू बहुतेक वेळा चोरीला गेलेली नसते, चुकीच्या फळीवर असते. हे बोलून दाखवल्यावर कुणाच्या नोकरीवर गदा येणार नाही, एवढी हमी वरून मिळाली तर जुने कर्मचारीच निम्म्या वस्तू काढून देतील. इतिहास आणि पुरातत्त्वाचे विद्यार्थी या कामाला घ्यावेत. मापं, फोटो, मोडीतल्या चिठ्ठ्यांचं वाचन त्यांना जमतं. कापड, हस्तिदंत आणि पोथ्या मात्र त्यांच्या हाती थेट देऊ नयेत, आणि पाकिटातली नाणी ट्रेवर ओतू देऊ नयेत.